अर्धा बेदाणा

“भिंतीकडं तोंड करून बसा, ताई. त्याच्याकडं बघायचं न्हाई,” शिकलगारमामा जाळीबाहेरून म्हणाले.

मी स्टूल वळवलं. समोर विटांची भिंत होती आणि तिच्यावर वाळलेल्या शेवाळाचे काळे ओघळ. सकाळचं ऊन पाठीमागून येत होतं, त्यामुळे भिंतीवर माझी सावली पडली होती: अंबाडा, खांदे, मांडीवर ठेवलेले रिकामे हात. सावलीच्या उजव्या खांद्याशेजारी एका आडव्या फांदीची सावली होती, आणि तिच्यावर सरपंचाची.

सरपंच म्हणजे माझा पोपट. पिल्लू असल्यापासून छाती काढून, एकेक पाऊल तोलत चालायचा. “ग्रामसभेला निघालाय बघ,” असं हे, म्हणजे आमचे मालक, म्हणाले आणि तेच नाव चिकटलं. दीड महिन्यापूर्वी वनखात्याची माणसं त्याला घेऊन गेली होती. त्यानंतर मी आज त्याला पहिल्यांदा बघणार होते. म्हणजे बघायचं नव्हतंच.

भिंतीवरच्या सावलीने मान लववली. थांबली. पुन्हा लववली.

“नमस्कार घालतोय तुमास्नी,” मामा म्हणाले.

“दिसतंय.”

“दिसतंय? बघू नका म्हटलं न्हवं?”

“सावली दिसते हो मामा. आता काय डोळे मिटून बसू?”

मामा हसले नाहीत. “हलू नका म्हंजे झालं.”

मी हलले नाही. सावलीने गिरकी घेतली. डावीकडून एक, उजवीकडून एक. मग फांदीवरून उतरून ती माझ्या सावलीच्या खांद्यापाशी आली, इतकी जवळ की दोन्ही सावल्यांची मिळून एकच झाली. मानेवर वारा लागला. त्याच्या पंखांचा होता. मी विटा मोजायला लागले.

तासगावात पोपटाला कुणी माया लावत नाही. द्राक्षांचं गाव आमचं. मणी भरले की पोपटांचे थवे उतरतात आणि माणसं डबे बडवत बागांतून पळत सुटतात. ह्यांचा सगळा जन्म कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याच्या पेट्यांवर नजर ठेवण्यात गेला, आणि तेच एका संध्याकाळी जेवणाच्या डब्याच्या झाकणात पिसं न फुटलेलं पिल्लू घेऊन आले. स्टोरेजच्या शेठने वठलेला माड तोडला, त्याच्या ढोलीतून पडलं म्हणे. “दोन दिवसांत मरेल,” म्हणाले. नऊ वर्षं राहिला.

शिकवायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नाही. मी सातवी पास, त्यातही भूमिती पाठ करून सुटलेली. एकदा कांचनच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, वह्यांवर नाव घालत बसले होते. हातातल्या बॉलपेनची टिक झाली आणि त्याच वेळी मी त्याच्या पुढ्यात बेदाणा टाकला. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी तो नुसती टिक ऐकूनच धावत आला. मला वाटलं, अरे, हा तर शिकला! मग पुढचं आपोआप सुचत गेलं. पोट भरलेलं असताना शिकवायचं नाही. हवं ते त्याने केलं की त्याच क्षणी टिक, आणि टिकेमागोमाग बेदाणा. अख्खा नाही, अर्धा. अख्खा दिला की तो खात बसतो आणि कशाबद्दल मिळाला ते विसरतो. चुकला तर मारायचं नाही, ओरडायचंही नाही. नुसतं तोंड फिरवायचं. पोपटाला त्याहून मोठी शिक्षा नाही.

अशाने तो नमस्कार शिकला, गिरकी शिकला. दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून माझ्या मांडीत आणून टाकायला लागला. मग बांगडीतून आरपार जायला शिकला. शेवटचं सगळ्यात अवघड होतं. “मेलास का रे?” असं विचारलं की उताणं पडायचं, पाय वर करायचे आणि पेनाची टिक होईपर्यंत हलायचं नाही. ते शिकायला त्याला चार महिने लागले.

मध्ये एकदा त्याने सकाळी उजाडायच्या आत किंचाळायची सवय लावून घेतली. मी घरात सांगून ठेवलं, कुणी उठून जायचं नाही, बघायचं नाही, ‘गप’सुद्धा म्हणायचं नाही. आठ दिवस त्याने घर डोक्यावर घेतलं. “आधी वाढणारच,” मी ह्यांना म्हटलं, “मग एकदम बसेल.” नवव्या दिवशी हे गुपचूप उठले आणि त्याला बिस्किटाचा तुकडा देऊन आले.

“अहो, काय केलंत!”

“ओरडून ओरडून आवाज बसला होता गं त्याचा.”

“आता त्याला कळलं, नऊ दिवस ओरडलं की मिळतं म्हणून. आता तो नव्वद दिवस ओरडेल.”

नव्वद नाही, पण ते मोडायला अडीच महिने लागले. त्या बिस्किटावरून मी ह्यांना किती दिवस ऐकवलं असेल. पाहुण्यांसमोरसुद्धा.

तर, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी हौसेने सरपंचाला पाटावर बसवलं आणि तिळगुळाच्या पुड्या पुढ्यात ठेवल्या. येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात त्याने एकेक पुडी ठेवली. बायका नुसत्या वेड्या झाल्या. “मालावहिनी, ह्याला आमच्याकडे पाठवा, आमच्या सुनेला शिकवेल,” असं म्हणून हसल्या. कुणीतरी मोबाईलवर घेतलं. चार दिवसांत ते सगळ्या तालुक्यात फिरलं आणि पाचव्या दिवशी दारात जीप उभी राहिली. देशी पोपट घरात ठेवायला बंदी आहे हे मला माहीत नव्हतं, असं मी साहेबांना सांगितलं. माहीत होतं. साहेब भले होते. लिहून घेतलं, समज दिली आणि सरपंचाला जाळीच्या पेटीत घालून नेलं. पेटीतून तो नमस्कार करत होता.

मग एका रविवारी, दुपारी चार वाजता, आमच्या घरातला फोन वाजला. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. शेवटी ह्यांनी उचलला आणि थोडं ऐकून माझ्याकडे दिला. “वनखात्याच्या रोपवाटिकेतनं आहे. पक्षी सांभाळणारे.”

ते शिकलगारमामा होते.

“ताई, तुमचा पोपट आमच्यातल्या परत्येकाला नमस्कार घालतोय. साहेबांची नुसती टोपी दिसली तरी मान लववतोय. असला पक्षी रानात सोडला तर पहिल्या माणसाच्या हातावर जाऊन बसंल. माणूस कसला निघंल काय सांगावं? न्हाईतर कुत्र्यामांजराच्या तोंडात.”

“मग आता?”

“माणूस म्हंजे खाऊ, ही गाठ त्याच्या डोक्यातनं सुटाय पायजे. आमी लई करून बघितलं. तुमी बांधलीया, तुमालाच सुटंल.”

रोपवाटिकेच्या मागे, गावाबाहेर, त्यांचं जाळीचं मोठं घर होतं. आत चिंचेच्या फांद्या रोवलेल्या, आणि पाच रानपोपट, माणूस दिसला की दूरच्या कोपऱ्यात जाणारे. खाणं नळीतून यायचं, म्हणजे देणारा हात दिसू नये. मी पंधरा दिवस रोज तासभर आत बसायचं आणि त्याने काहीही केलं तरी दाद द्यायची नाही. पंधराव्या दिवशी साहेब परीक्षा घेणार होते. एक अनोळखी माणूस हातावर खाऊ धरून आत उभा राहणार. पोपट लांब राहिला, तर उन्हाळा तापायच्या आत त्या पाचांबरोबर त्याला मोकळं सोडणार. हातावर आला, तर त्याचा मुक्काम पलीकडच्या ओळीत. त्या ओळीत एका पंखाची घार होती आणि आंधळं घुबड. तिथून बाहेर गेलेलं मामांनी कुणी बघितलं नव्हतं.

“मला जमेल,” मी मामांना म्हटलं. “पहिल्यांदा तो जास्त करेल. मग फारच जास्त करेल. तेव्हा घाबरायचं नाही. ते विझायच्या आधीचं असतं. फक्त मध्ये एकदासुद्धा द्यायचं नाही. एकदा दिलं की मग तो आयुष्यभर मागत राहतो.”

मामांनी माझ्याकडे निरखून बघितलं. “तुमाला तर सगळंच ठावं हाय की.”

“आहेच,” मी म्हटलं. मला त्याचा अभिमान होता.

मामा जाळीच्या खांबावर खडूने रेघा ओढायचे. सरपंचाने काही केलं की एक रेघ. पहिल्या दिवशी छत्तीस झाल्या, तिसऱ्या दिवशी एकाहत्तर. पाचव्या दिवशी खांब भरला आणि मामा शेजारच्या खांबावर गेले. तिथे चिमटे नव्हते, म्हणून तो काड्या आणून माझ्या मांडीत टाकायला लागला. काड्या, चिंचोके, एक पांढरं पीस. एकदा बाटलीचं बूच. ते त्याने कुठून आणलं होतं देव जाणे. माझ्या साडीच्या ओच्यात कचऱ्याचा ढीग झाला आणि मी तशीच बसले. तास संपला की उठायचे आणि सगळं खाली सांडायचं.

सातव्या दिवशी रेघा कमी झाल्या. आठव्या दिवशी अकरा. नवव्या दिवशी भिंतीवर त्याची सावली फक्त दोनदा आली.

मामा खूश झाले. चुलीवर चहा ठेवला. आम्ही रोपांच्या काळ्या पिशव्यांशेजारी विटांवर बसून तो प्यायलो.

“तुमची कमाल हाय, ताई. आमची भन असती तर दुसऱ्या दिवशीच ढिली पडली असती.” मग थोड्या वेळाने, “मुलंबाळं?”

“एक मुलगी. कांचन. पुण्याला असते.”

“लगीन?”

“केलंय. तिचं तिनं.”

मामांना तेवढं पुरलं. “येती का?”

“नाही.”

“फोन?”

“यायचा. दर रविवारी चार वाजता.”

“आणि आता?”

मी कप खाली ठेवला. “आज किती म्हणालात, दोनच ना?”

“दोनच,” मामा म्हणाले आणि बाकीचं त्यांनी चहाबरोबर गिळलं.

कांचनने नोंदणी पद्धतीने लग्न केलं, जातीबाहेर, आम्हाला पत्र पाठवून. त्यानंतर आमच्या घरात ठरलं होतं की तिचा फोन उचलायचा नाही. ठरलं म्हणजे ठरलं. तेव्हाच्या फोनवर नंबर दिसायचा नाही, पण रविवारी दुपारी चारला दुसरं कोण करणार? आम्ही दोघं बसायचो आणि तो वाजायचा.

दहाव्या दिवशी सरपंच माझ्याजवळ आलाच नाही. मी कान देऊन ऐकत होते. तो त्या पाचांच्या कोपऱ्यात होता आणि त्यांच्यासारखाच, रानातला, चिरका आवाज काढत होता. हा आवाज मी नऊ वर्षांत ऐकला नव्हता. मामांनी खांबावर एकही रेघ ओढली नाही. “सुटला, ताई,” ते जाळीला तोंड लावून हळूच म्हणाले. “सुटला बघा तुमचा सरपंच.”

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, “जमलं का गं?”

“जमलं.”

“ओळखत नाही तुला?”

“नाही.”

हे बराच वेळ पेपर धरून बसले. पान काही उलटलं नाही. मग म्हणाले, “चांगलं झालं.” आणि रोजच्यासारखी कागदाची पुडी माझ्यापुढे ठेवली. पोपट नेल्यावरही ह्यांनी बेदाण्याची पुडी आणायचं सोडलं नव्हतं. आणि मीही सकाळी निघताना त्यातले दोन बेदाणे पदराच्या टोकाला गाठ मारून न्यायचं सोडलं नव्हतं. मामांनी पहिल्या दिवशी माझे हात बघितले होते, पिशवी बघितली होती, पदराची गाठ बघितली नव्हती. मी दहा दिवस ती गाठ घेऊन आत बसले आणि सोडली नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सवय.

अकराव्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. मी भिंतीकडे तोंड करून बसले. मला वाटलं, आज नुसतं बसायचं.

पाऊण तास गेला. मग फांदीच्या सावलीवर तो आला.

त्याने नमस्कार केला. एकदाच, सावकाश. गिरकी घेतली. खाली उतरला, एक काडी आणली, माझ्या मांडीत टाकली आणि पुन्हा फांदीवर जाऊन बसला. मान तिरकी करून थांबला. मी विटा मोजत होते. मग त्याने बांगडीतून जायची नक्कल केली. बांगडी नव्हतीच. हवेतच मान खाली घालून, अंग आक्रसून, पलीकडे गेल्यासारखं केलं. नऊ वर्षांत शिकवलेलं सगळं, एकामागून एक, शिकवलं त्याच क्रमाने. मामांचा खडू वाजत होता. टक, टक.

आणि मग भिंतीवरची सावली गेली.

उडाला असता तर पंखांचा आवाज झाला असता. तसा आवाज झाला नाही. काहीतरी हलकं जमिनीवर पडल्यासारखं वाटलं फक्त. फांदीची सावली मोकळी होती, किंचित हलत होती, थांबली.

“मामा,” मी मान न वळवता म्हटलं, “कुठंय तो?”

“खाली पडलाय. उताणा. बघू नका, ताई. सोंग करतोय त्यो.”

“मला माहितीये.”

मी विचारलं नव्हतं. “मेलास का रे?” असं मी म्हटलं नव्हतं. तो स्वतःहून पडला होता, आणि टिक होईपर्यंत हलायचं नाही हे त्याला पक्कं शिकवलेलं होतं. पेन माझ्याजवळ नव्हतं. मी थांबले. विटा मोजून झाल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्या.

“हालतोय का?”

“न्हाई.”

“श्वास?”

“कळत न्हाई हितनं. ताई, चार दिवस ऱ्हायले. चारच दिवस.”

भिंतीवर माझी एकटीची सावली होती. अंबाडा, खांदे, हात. मी तिच्याकडे बघत होते आणि तिचे हात पदराकडे गेलेले मला दिसले. गाठ सुटत नव्हती. मी ती दातांनी सोडवली. जिभेने टाळ्यावर टिक केली, अगदी पेनासारखी, आणि वळले.

तो सिमेंटवर पडला होता, पाय वर, एक डोळा माझ्याकडे. टिक ऐकताच उठला. अंग झटकलं. मी बेदाणा दातांनी तोडून अर्धा त्याच्यापुढे धरला. त्याने तो पायात धरून खाल्ला, शांतपणे, घाई न करता.

मामा जाळीबाहेरून एवढंच म्हणाले, “ताई. काय केलंसा हे.”

मग खांद्यावरच्या पंच्याने त्यांनी खांबावरच्या रेघा पुसायला सुरुवात केली.

हे मोटरसायकलवरून मला न्यायला आले. मी फाटकाशी उभी होते.

“दिला मी त्याला,” मी म्हटलं. “अर्धा.”

ह्यांनी गाडी बंद केली. मला वाटलं, आता बिस्किटाचं काढतील. त्यांचा हक्क होता. पण ते म्हणाले, “बस मागं. ऊन लागतंय.”

त्यांच्या पाठीकडे बघत मी घरी आले. वाटेत दोन्हीकडे द्राक्षांच्या बागा होत्या आणि कुणीतरी डबा बडवत होतं. मी जे सांगायचं टाळत आले, ते आता सांगते.

कांचनच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, फोन सतरा वेळा वाजला. मी मोजला. मला मोजायची सवय आहे. मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी सरपंचाला उताणं पडायला शिकवत होते आणि तो नेमका त्या दिवशी जरा जरा समजायला लागला होता. आठव्या वेळी हे खुर्चीतून उठले. रिसीव्हरवर हात ठेवला.

“माले, उचलतो गं. सणाची करतीय पोरगी.”

“बसा खाली,” मी म्हटलं. “आधी वाढणारच. आता उचललात तर आजवरचं सगळं फुकट. थोडं थांबा. येईल आपल्या पायांनी घरी.”

“आणि नाही आली तर?”

“तुम्हाला बिस्किटाचं आठवतंय ना?”

ते बसले. हात मांडीवर घेऊन बसले, आणि फोन वाजत राहिला, आणि मी पेनाची टिक करून सरपंचाला बेदाणा देत राहिले. सतराव्यानंतर थांबला. पुढच्या रविवारी एकदाच वाजला, तोही अर्धवट. त्याच्या पुढच्या रविवारी वाजला नाही.

“बघा,” मी ह्यांना म्हटलं होतं. “बसलं की नाही?”

पंधराव्या दिवशी परीक्षा झाली. मला फाटकाबाहेर उभं केलं होतं, पण जाळी दिसत होती. साहेबांचा नवा माणूस आत गेला, हातावर बेदाणा ठेवून उभा राहिला. पाच रानपोपट कोपऱ्यात गेले. सरपंच थोडा वेळ त्यांच्याबरोबर होता. मग एकटाच निघाला, जमिनीवर उतरला, छाती काढून, एकेक पाऊल तोलत त्या माणसाच्या बुटांपर्यंत चालत गेला, आणि त्याच्यासमोर उताणा पडला.

साहेबांनी कागदावर लिहिलं. मामा माझ्याकडे आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मी फोनपाशी जाऊन बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्याजवळ नंबरच नाही. कधी लागलाच नव्हता. हे पेपर वाचत होते. पेपर बाजूला न करता त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

कागद घड्यांवर झिजला होता. मी विचारलं नाही, कधीपासून आहे. ते म्हणाले, “स्टोरेजच्या ऑफिसातनं करतो. महिन्यातनं एकदा. बरी आहे ती.” मग म्हणाले, “तुझ्याशी बोलायचं का विचारलं होतं मी तिला. नको म्हणाली.”

मी नंबर फिरवला. पूर्ण वाजला, कट झाला. पुन्हा फिरवला. ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मी त्या दिवशी सहा वेळा केला. पुढच्या रविवारी नऊ वेळा. तिसऱ्या रविवारी हे म्हणाले, “अगं, बास कर आता,” आणि मी म्हटलं, “अजून एकदा.” पुढे कमी झालं. माणूस कितीदा फिरवणार? तिसऱ्या वर्षी मी चारला नुसती बसायचे आणि कधी करायचे, कधी नाही. मग त्या वर्षीच्या दसऱ्याला, करू की नको म्हणत केला, आणि तिने उचलला.

“हं,” ती म्हणाली.

“कांचन, मी.”

“हं. माहितीये.”

तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली. एक, मग दुसरी. एक लहान मूल काहीतरी मागत होतं. हे पेपर खाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होते.

“बरी आहेस?” तिने विचारलं.

“आहे.”

“बरं,” ती म्हणाली. “कुकर झालाय.” आणि ठेवला.

त्याला सात वर्षं होतील येत्या दसऱ्याला. त्यानंतर तिने उचललेला नाही. ह्यांच्याशी बोलते, महिन्यातून एकदा, आता मोबाईलवर. मी बाहेर जाऊन बसते, म्हणजे त्यांना मोकळं बोलता यावं.

शिकलगारमामा निवृत्त झाले. मी अजूनही वर्षातून दोनदा रोपवाटिकेत जाते, जाळीच्या बाहेर उभी राहते. सरपंच आता म्हातारा झालाय, चोच खरबरीत झाली आहे, पण कुणीही आलं, वनखात्याचं, शाळेची सहल, कुणीही, की तो पुढे येतो आणि सगळं करून दाखवतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याला काही द्यायला बंदी आहे. नवीन आलेला माणूस मला म्हणाला, “मावशी, ह्याला कधीच काही मिळत नाही, तरी हा थांबत नाही. वेडा आहे का हो?”

“नाही,” मी म्हटलं. “त्याला एकदा मिळालं होतं.”

त्या दिवशी रविवार होता. मी चारच्या आत घरी परतले, चपला दारात काढल्या, आणि फोनपाशी जाऊन बसले.